वाट मिळवली, वाट राखली : 'इम्बा'ची वाटचाल

डोंगरातल्या अवघड वाटांवर सायकल चालवणाऱ्यांची एक मोठी संघटना म्हणजे इंटरनॅशनल माउंटन बायसिकलिंग असोसिएशन. सायकलस्वार तिला नुसते 'इम्बा' म्हणतात. १९८८ साली कॅलिफोर्नियात जन्मलेली ही संस्था आता चाळिशीच्या उंबरठ्यावर आहे. तिच्या नावावर ना स्टेडियम आहे, ना वाचनालय, ना सभागृह. तिची खरी मालमत्ता म्हणजे जंगलातल्या वाटा. हात-दीड हात रुंदीच्या, कातळांतून आणि झाडांच्या मुळांतून वळत जाणाऱ्या या वाटांची मालकीही तिच्याकडे नाही. जमीन सरकारची, वाट सगळ्यांची आणि खपणारे हात संस्थेचे, असा हा कारभार आहे. सह्याद्रीत सायकल घेऊन जाणाऱ्यांची संख्या आता वाढते आहे, म्हणून तिची हकिगत मराठी वाचकांसमोर सविस्तर यावी, असे मनापासून वाटते.

पूर्वपीठिका (१९७६–१९८७) : टॅमल्पायसची उतरण

सॅन फ्रान्सिस्कोहून गोल्डन गेट पूल ओलांडला की मरिन काउंटी लागते आणि तिथे माउंट टॅमल्पायस उभा आहे. सत्तरच्या दशकात तिथली तरुण मंडळी तीस-चाळीसच्या दशकांतल्या जाड टायरच्या, वजनदार सायकली भंगारातून शोधून काढत आणि डोंगरावर नेऊन उतारावर सोडत. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी फेअरफॅक्स गावाजवळच्या उतारावर त्यांची पहिली शर्यत झाली. सुमारे दोन मैलांत तेराशे फूट उतरणारी ती वाट 'रीपॅक' या नावाने प्रसिद्ध झाली. मागे पेडल दाबून लागणारा ब्रेक त्या उतारावर इतका तापे की हबमधल्या ग्रीसचा धूर होई आणि प्रत्येक फेरीनंतर हब उघडून नवे ग्रीस भरावे लागे; त्यावरूनच हे नाव पडले. शर्यती भरवणारे चार्ली केली, १९७७ मध्ये खास या कामासाठी चौकट बनवणारे जो ब्रीझ, गॅरी फिशर आणि टॉम रिची ही नावे सायकलच्या इतिहासात कायमची नोंदली गेली. पण त्यांच्या बरोबरीने धूळ खाणारे, चाके जुळवणारे, वेळ नोंदवणारे कितीतरी जण होते. हा खेळ त्या सगळ्यांनी मिळून घडवला.

१९८१ मध्ये 'स्टम्पजम्पर' ही कारखान्यात तयार झालेली माउंटन बाइक दुकानात आली आणि हौशी टोळक्याचा छंद लाखो लोकांपर्यंत पोचला. अडचणींनाही तिथूनच सुरुवात झाली. वर्षानुवर्षे पायी आणि घोड्यावरून जाणाऱ्यांच्या वाटेवर एकाएकी वळणामागून वेगात सायकल येऊ लागली. माणसे दचकत, घोडे बुजत. ही तक्रार खोटी नव्हती, हे मान्य करायला हवे. मात्र तिच्यावर उपाय म्हणून सरसकट बंदी आली. १९६४ च्या वाइल्डरनेस कायद्याने संरक्षित केलेल्या रानांत सायकल चालणार नाही, हे वनखात्याने १९८४ मध्ये पक्के केले. सिएरा क्लबसारख्या मातब्बर निसर्गसंस्थेने सायकलला मोटारसायकलींच्याच पंक्तीत बसवले. १९८७ मध्ये राष्ट्रीय उद्यानांच्या नियमांतही सायकलला रस्त्यांपुरतेच ठेवले गेले. खुद्द टॅमल्पायसवर अरुंद वाटा सायकलला बंद झाल्या. उरलेल्या रुंद रस्त्यांवर ताशी पंधरा मैलांची मर्यादा आली आणि ती मोडणाऱ्यांना पकडायला रेंजर रडार घेऊन उभे राहू लागले. ज्या डोंगराने हा खेळ जन्माला घातला, त्यावरच त्याला फारशी जागा उरली नाही.

पहिले दशक (१९८८–१९९७) : दार ठोठावण्याचे दिवस

एकेकट्या क्लबने अर्ज करायचा आणि एकेकट्या क्लबने नकार घ्यायचा, असे किती दिवस चालणार? १९८८ मध्ये कॅलिफोर्नियातले पाच क्लब एकत्र आले. सांता मोनिकाच्या डोंगरांतली कन्सर्न्ड ऑफ-रोड बायसायक्लिस्ट्स असोसिएशन म्हणजे 'कोर्बा', ईस्ट बे आणि मरिन येथील दोन बायसिकल ट्रेल्स कौन्सिल, सॅक्रामेंटो रफ रायडर्स आणि रिस्पॉन्सिबल ऑर्गनाइझ्ड माउंटन पेडलर्स अशी त्यांची नावे. या पाचांच्या बैठकांतून इम्बा उभी राहिली. जिम हॅसेनॉअर यांच्यासारखे विद्यापीठात संवादशास्त्र शिकवणारे प्राध्यापक सुरुवातीच्या फळीत होते, ही संस्थेची पुण्याईच म्हणायची. समोरचा रागावलेला असताना आपले म्हणणे कसे मांडावे, हे त्यांना ठाऊक होते.

पहिले मोठे काम नियमांचे झाले. खुल्या असलेल्या वाटेवरच जा. मागे खूण ठेवू नका. सायकल ताब्यात ठेवा. इतरांना आधी जाऊ द्या. जनावरांना बिचकवू नका. निघण्यापूर्वी तयारी करा. या सहा नियमांची पाटी आज जगभरच्या डोंगरपायथ्यांशी दिसते. त्या काळात ही सहा वाक्ये हातात धरून कार्यकर्ते वनाधिकाऱ्यांच्या कचेऱ्यांचे उंबरे झिजवत होते. दुसरे आश्वासन त्याहून वजनदार होते. वाट खुली करा, तिची निगा आम्ही राखतो, असे ते सांगत. आपल्याकडे ज्याला श्रमदान म्हणतात, ते या संस्थेच्या घडणीत पहिल्यापासून आहे.

१९९४ साली युटामधल्या पार्क सिटी येथे सिएरा क्लबच्या प्रतिनिधींशी बोलणी होऊन समझोता झाला. संरक्षित वाइल्डरनेसच्या बाहेर, अरुंद वाटांवरही, माउंटन बाइकिंग हा वाटेचा रास्त वापर आहे, हे त्यात मान्य झाले. कालपर्यंत समोरासमोर बसायला तयार नसलेल्या दोन बाजू एका कागदावर आल्या. त्याच वर्षी माँटानातल्या वाटांवर झालेला विल्सन आणि सेनी यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ओल्या वाटेवर घोड्याच्या टापांनी आणि माणसाच्या पावलांनी सुटणारी माती चाकांनी सुटणाऱ्या मातीपेक्षा जास्त भरली. पुढे २००१ मध्ये ऑन्टारिओतल्या थर्स्टन आणि रीडर यांच्या प्रयोगात पायी चालणे आणि सायकल यांचा झाडोऱ्यावर व मातीवर होणारा परिणाम सारखाच निघाला. या अभ्यासांनी सायकलला निर्दोष ठरवले नाही, तसा दावा कोणी करूही नये. पण चर्चा आरोपांवरून मोजमापावर आली, हे फार मोठे काम झाले.

नव्वदच्या दशकाच्या मध्यात संस्थेचे कार्यालय कोलोराडोतल्या बोल्डर गावी गेले. टिम ब्लुमेंथाल यांच्या कार्यकारी संचालकपदाच्या काळात कारभाराची घडी बसली. १९९६ च्या अटलांटा ऑलिम्पिकमध्ये माउंटन बाइकिंगचा समावेश झाला, तेव्हा सरकारी दारात या खेळाकडे पाहण्याची नजर थोडी तरी निवळली.

दुसरे दशक (१९९८–२००७) : पाणी, माती आणि कुदळ

या दशकावर थोडे रेंगाळायला हवे, कारण संस्थेचे खरे शहाणपण या काळात तयार झाले.

१९९७ पासून सुबारू कंपनीच्या मदतीने 'ट्रेल केअर क्रू' सुरू झाले होते. दोघांची जोडी, एक मोटार, मागे अवजारे आणि वर्षभर गावोगाव भटकंती. शुक्रवारी स्थानिक वनाधिकारी आणि क्लबवाल्यांशी बोलणे, शनिवारी सकाळी फळ्यापुढे वर्ग आणि दुपारी प्रत्यक्ष डोंगरावर काम, असा त्यांचा शिरस्ता होता. जवळजवळ दोन दशके या जोड्या फिरल्या. एक जोडी थकली की दुसरी तिची जागा घेई. त्यांनी शिकवलेले कार्यकर्ते पुढे आपापल्या गावचे मास्तर झाले.

ते शिकवत काय, तर वाटेचा खरा शत्रू पाणी आहे. जुन्या वाटा बहुधा सरळ उताराच्या रेषेत काढलेल्या असत. शिखर तिथे दिसते, मग नाकासमोर चढा. पावसाचे पाणीही तेच करते, नाकासमोर उतरते. पायवाट आणि पाण्याची वाट एक झाली की दोन-चार पावसाळ्यांत तिची घळ होते, माती जाते, दगड उघडे पडतात. मग लोक कडेने चालू लागतात आणि एका वाटेच्या तीन होतात. त्यावर जुना उपाय म्हणजे वाटेत आडवा ओंडका पुरणे. पण ओंडक्यामागे गाळ साचतो, सायकलवाला त्याला वळसा घालतो आणि वाट आणखी पसरते.

इम्बाच्या जाणकारांनी याचे उत्तर वाटेच्या आखणीतच शोधले. वाट डोंगराच्या कुशीला धरून आडवी न्यायची. डोंगराचा उतार जेवढा, त्याच्या निम्म्याहून वाटेचा चढ जास्त नको. उतार वीस टक्के असेल तर वाट दहा टक्क्यांच्या आत. सबंध वाटेची सरासरीही दहा टक्क्यांच्या आसपास राखायची. वाटेचा पृष्ठभाग दरीच्या बाजूला पाच टक्के कलता, म्हणजे पाणी वाटेवरून आडवे निसटून जाईल. आणि दर वीस ते पन्नास फुटांवर उतरणारी वाट क्षणभर वर चढवायची, मग पुन्हा उतरवायची. त्या खोलगटात पाण्याला बाहेर पडावेच लागते. सायकलस्वाराला याच चढउतारांत लाटांवरून गेल्याची मजा येते. पाण्याचा निचरा आणि चालवण्याचा आनंद एकाच वळणाने साधतो, ही त्यातली देखणी बाब आहे.

प्रत्यक्ष काम जवळून पाहण्यासारखे असते. आधी क्लायनोमीटर डोळ्याला लावून एक जण चढ मोजतो, दुसरा पुढे सरकत झाडाझुडपांना रंगीत फिती बांधतो. फितींची ही रांग कित्येकदा उपटून पुन्हा बांधली जाते. मग पुलास्की चालतो. याच्या एका तोंडाला कुऱ्हाड, दुसऱ्या तोंडाला कुदळ. १९१० च्या भीषण वणव्यात आयडाहोमध्ये आपल्या माणसांना खाणीच्या बोगद्यात नेऊन वाचवणाऱ्या एड पुलास्की या रेंजरचे नाव या अवजाराला मिळाले आहे. मुळे तोडत, डोंगराच्या अंगात कापत, वाटेची सगळी रुंदी मूळच्या घट्ट जमिनीवरच बसवतात. उकरलेली माती दरीच्या कडेला रचून त्यावर वाट टेकवायची नाही, कारण भराव पहिल्याच पावसात खचतो. वरच्या बाजूचा काप तिरका उतरवतात, बाहेरची कड गोल करतात आणि निघालेली माती दूर पांगवतात. शेवटी मॅकलाउड फिरते. त्याच्या एका अंगाला दंताळे आणि दुसऱ्या अंगाला रुंद पाते. दंताळ्याने पालापाचोळा ओढायचा आणि पात्याचा तळ आपटून माती चोपायची. सराव असलेली टोळी असली तरी दिवसाकाठी पुढे सरकलेली वाट काही थोड्याच पावलांची भरते.

डागडुजी याहून किचकट. चाकांच्या आणि पावलांच्या दाबाने वाटेचा मधला भाग खोल जातो आणि बाहेरच्या कडेला मातीचा बांध तयार होतो. हा बांध पाणी अडवून वाटेवरच वाहवतो. दरवर्षी तो फोडावा लागतो. जिथे माती टिकतच नाही तिथे दगड बसवतात. मोठे धोंडे उभे, एकमेकांत घट्ट रोवून, फटींत चिपा ठोकून. नाणेघाटातली दगडी चढण पाहिलेल्या मराठी माणसाला हे तंत्र परके वाटायचे कारण नाही. स्वाराचीही जबाबदारी आहे. मागचे चाक जाम करून फरफटत नेले की एका ब्रेकमध्ये किती तरी श्रमदान वाया जाते. चिकट मातीच्या प्रदेशात पावसानंतर वाट वाळेपर्यंत बंद ठेवतात, आणि जाणता सायकलवाला तेवढे दिवस घरी बसतो.

हे सगळे ज्ञान २००४ मध्ये 'ट्रेल सोल्यूशन्स' या पुस्तकात आणि २००७ मध्ये 'मॅनेजिंग माउंटन बाइकिंग' या पुस्तकात ग्रथित झाले. वनखात्याचे अधिकारीही ही पुस्तके वापरू लागले.

याच काळात अवघड वाटांचा प्रश्न ऐरणीवर आला. कॅनडात व्हँकुव्हरच्या नॉर्थ शोअरवर लाकडी पूल, उंच ओंडके, कातळावरून उभ्या उड्या अशी वेगळीच शैली फुलली होती आणि तिच्या ओढीने जागोजागी तरुण चोरून अशा वाटा खणू लागले. सोपा मार्ग बंदीचा होता. संस्थेने तो पत्करला नाही, आणि माझ्या मते तिच्या इतिहासातला हा सर्वांत सुज्ञ निर्णय आहे. अवघड वाट मागणाऱ्याला अवघड वाटच द्या, पण परवानगीने, मजबूत बांधून आणि स्पष्ट पाटी लावून, असे तिने सांगितले. स्कीच्या उतारांवरून घेतलेल्या खुणा वाटांना लावण्यात आल्या. हिरवे वर्तुळ म्हणजे किमान ३६ इंच रुंद, घट्ट वाट. निळा चौकोन म्हणजे किमान २४ इंच आणि टाळता न येणारे अडथळे ८ इंचांपर्यंत. काळा हिरा म्हणजे १२ इंचांपर्यंत अरुंद होणारी वाट आणि १५ इंचांपर्यंत उंच अडथळे. दुहेरी काळ्या हिऱ्याची वाट तर ६ इंचांवर येते आणि पुढे काय वाढून ठेवले आहे याचा भरवसा देत नाही. आणखी एक युक्ती रूढ झाली. अवघड वाटेच्या तोंडाशीच एक कठीण अडथळा ठेवायचा. तो पार करता आला नाही तर नवखा तिथूनच परततो, आत जाऊन हात-पाय मोडून घेत नाही. पुढची वाट किती अवघड आहे हे पहिल्या दहा फुटांत सांगणारा तो प्रामाणिक दारवान आहे.

तिसरे दशक (२००८–२०१७) : विस्तार आणि कसोटी

२००५ मध्ये राष्ट्रीय उद्यान सेवेशी झालेल्या कराराला या दशकात फळ आले. २०१२ च्या नव्या नियमाने उद्यानांतल्या वाटा सायकलला खुल्या करण्याची प्रक्रिया सुटसुटीत झाली. स्थानिक क्लब शाखा म्हणून जोडले गेले. एखाद्या गावाच्या आसपास सोप्या ते अवघड अशा सगळ्या दर्जाच्या वाटा असतील, तर त्या गावाला 'राइड सेंटर' म्हणून मान देण्याची योजना आली आणि २०१२ मध्ये पार्क सिटीला पहिले सुवर्ण मानांकन मिळाले. समझोत्याचे गाव तेच मानाचे गाव झाले.

वाइल्डरनेसच्या सीमांवर संस्थेने कायद्याचे बारीक कामही केले. न्यू मेक्सिकोत २०१४ मध्ये कोलंबाइन-होंडो वाइल्डरनेस झाले, तेव्हा शेजारच्या व्हीलर पीक वाइल्डरनेसची सीमा थोडी सरकवून लॉस्ट लेक वाट सायकलसाठी मोकळी ठेवण्यात आली. रानही राखले गेले आणि वाटही राहिली. मात्र प्रत्येक ठिकाणी असे यश लाभले नाही. आयडाहोतल्या बोल्डर-व्हाइट क्लाउड्समध्ये २०१५ साली वाइल्डरनेस घोषित झाले आणि कासल डिव्हाइड व अँट्स बेसिन या वाटा सायकलला बंद झाल्या. आयडाहोतल्या सायकलस्वारांना ही हानी आजही जाणवते.

त्यानंतरच्या काळात वाइल्डरनेसमध्ये सायकलला प्रवेश मागावा की नाही, यावर मतमतांतरे झाली. संस्थेने कायद्यात फेरफार न मागता सीमांच्या वाटाघाटींचा मार्ग चालू ठेवला. काही सहकाऱ्यांनी आपले काम वेगळ्या संघटनेतून केले. वाटांवरच्या प्रेमाने दोन्हीकडचे लोक कामाला लागले होते, एवढेच इथे नोंदवणे पुरे. पैशाची चणचणही याच सुमारास आली. अंथरूण पाहून पाय पसरावे लागले, काही उपक्रम आवरते घ्यावे लागले. त्या काळात पगारी कर्मचारी, विश्वस्त आणि शाखांचे कार्यकर्ते यांनी मिळून संस्था तगवली. २०१६ मध्ये वनखात्याच्या वाटांवर स्वयंसेवकांचा सहभाग वाढवणारा कायदा अमेरिकन काँग्रेसने केला. श्रमदानाला त्यामुळे सरकारी धोरणात जागा मिळाली.

२०१७ मध्ये डेव्ह वीन्स यांनी सूत्रे घेतली. लेडव्हिलची शंभर मैलांची शर्यत लागोपाठ सहा वेळा जिंकणारा हा खेळाडू त्याआधी आपल्या गनिसन गावात २००६ पासून 'गनिसन ट्रेल्स' नावाची स्थानिक संस्था चालवत होता. शर्यतीचा विजेता आणि वाटेवर कुदळ मारणारा एकाच माणसात मिळाला.

चौथे दशक (२०१८ पासून) : घराजवळच्या वाटा

दूरच्या पर्वतात वर्षातून एकदा जाण्यापेक्षा शाळा सुटल्यावर पोराला सायकल घेऊन जाता येईल अशी वाट गावाशेजारी असावी, हा या दशकाचा भर आहे. २०२० च्या महासाथीत माणसे घराबाहेर मोकळी हवा शोधू लागली आणि वाटांवर अपूर्व गर्दी झाली, तेव्हा या भराची गरज सर्वांनाच पटली. विजेवर चालणाऱ्या सायकलींचा नवा प्रश्न आला आहे. पेडल मारल्यावरच साथ देणाऱ्या, कमी वेगाच्या सायकलींना स्थानिक व्यवस्थापनाच्या संमतीने जागा द्यावी, अशी संस्थेची भूमिका आहे.

जानेवारी २०२५ मध्ये अमलात आलेल्या एक्सप्लोर कायद्यात लांब पल्ल्याच्या सायकलवाटांचे कलम आले. किमान ऐंशी मैलांच्या वाटांची निवड करून त्यांना ओळख देण्याचे काम आता सरकारी खात्यांकडे आहे. १९८४ च्या बंदीपासून इथवर यायला चार दशके लागली.

संस्थापक क्लबांपैकी कोर्बाचे कार्यकर्ते आजही लॉस एंजलिसच्या वरच्या डोंगरांत अवजारे घेऊन जातात. २००९ च्या स्टेशन वणव्यात अँजलिस राष्ट्रीय वनातली सुमारे १ लाख ६० हजार एकर जमीन होरपळली. झाडे गेली, मुळे गेली आणि पुढच्या पावसांत वाटाच वाहून गेल्या. गॅब्रिएलिनो वाटेचा उद्ध्वस्त भाग कोर्बाने इतर स्वयंसेवकांच्या आणि वाटा बांधणाऱ्या कसबी कारागिरांच्या साथीने पुन्हा कोरून काढला आणि २०१८ मध्ये तो खुला झाला. २०२० मध्ये बॉबकॅट वणवा आला. जानेवारी २०२५ मध्ये ईटन वणव्याने अल्टाडेनाच्या वरचे डोंगर जाळले. जळलेल्या उतारावर आधी सैल दगड आणि अर्धवट जळालेले ओंडके हटवावे लागतात, मग फिती बांधाव्या लागतात, मग पुलास्की. ते काम तिथे पुन्हा पहिल्यापासून चालू आहे.